गाळ आमच्याकडेच वळतो

प्रिय रीता,

तुझे फोन येऊन राहिले, मी उचलत नाही. आवाज ऐकला तर माझ्याच्यानं बोलवणार नाही, म्हणून लिहिते.

केशोरीकडे शेजारशेजारच्या गावांत आपली लग्नं झाली तेव्हा किती खूश होतो आपण! दोघींच्या धानाला एकाच नहराचं पाणी. पण तुमच्याकडे नहर सरळ जातो, आमचा फाटा तिथून वळतो. तुम्हाला नितळ पाणी, आम्हाला गाळ. दरवर्षी उपसतो, दरवर्षी भरतो. शेवटच्या बांध्यांपर्यंत पाणी पोचत नाही, तिथला धान लोंबी निघण्याआधी पोटरीतच वाळतो. तुमचे लोक मुद्दाम गाळ ढकलतात, असंच आमच्या गावाला वाटायचं. त्यावरून पोळ्याला मारामारी झाली आणि आपलं येणं-जाणंही तुटलं.

मग इंजिनिअर आले. त्यांनी फाट्याच्या तोंडाशी उभं राहून समजावलं. वरचं वेगाचं पाणी सरळ धावतं, तळाचं संथ पाणी फाट्यात वळतं, आणि गाळ असतो तो तळाच्याच पाण्यात. तोंडाशी तळात आडवी फळी ठोकली तर थोडा गाळ पुढे जाईल, म्हणाले. स्वप्निल घरी येऊन म्हणाला, "रेणू, आपण फुकटच भांडून राहिलो होतो. रीताच्या ओमेशले सांगतो." पण गावातले अडून बसले, "कायले सांगतोस? गाळ तिकडे जाईल म्हणून फळीच उपटतील ते." मग त्यानं सांगितलं नाही.

नहर बंद होता, म्हणून तो फळी ठोकायला उतरला. नहराच्या वरच्या दारावर पाणी सोडायची पाळी ओमेशभाऊंची होती. त्यांनी दार उचललं. पाणी आलं तसे बाकीचे काठावर चढले. स्वप्निलचा पाय गाळात मांडीपर्यंत रुतला होता, त्याला निघता आलं नाही.

गाव म्हणतं, जाणून केलं. सासूबाई म्हणतात, "त्याले सोडू नोका." पण खाली माणसं आहेत हे ओमेशभाऊंना कुणी सांगितलंच नव्हतं. पोलिसांना मी तेच सांगितलं. तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. फळी वाहून गेली. फाटा पुन्हा भरून राहिला आहे.

तुम्ही दोघं स्वप्निलच्या तेरवीला येणार असं तुझ्या आईकडून कळलं. येऊ नका, रीता. इथे लोक काठ्या घेऊन बसलेत, माझ्या सांगण्यानं ते थांबणार नाहीत. आणि ते थांबले, तरी तू दारात दिसलीस तर मला तुझ्या गळ्यात पडता येणार नाही. ओमेशभाऊंची चूक नाही हे मला कळतं. पण त्यांचा हात दारावर होता, हेही डोळ्यांपुढून जात नाही.

अजूनही तुझीच,
रेणू