डाव्या भुवईवरचा त्रिशूळ

सवाई माधोपूर
५ डिसेंबर २००४

ती. धापूजीजीस,
हरकेशचा सा. न. वि. वि.

पेरू मिळाले. अर्धे माकडांनी पळवले, अर्धे तुझ्या भावजयीने. मला नुसता वास मिळाला.

जीजाजींना जाऊन सहा महिने झाले. ओढ्यावरच्या कॅमेऱ्यातला फोटो जंगल खात्याच्या साहेबांनी समोर ठेवला, तो दिवस अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मी लगेच सांगितलं होतं, ही त्रिशूली वाघीण, डाव्या भुवईवर त्रिशूळ, अकरा वर्षं हिचीच चित्रं काढतोय. माझ्या सहीवर तिला पकडलं. तेवढं तरी जीजाजींसाठी हातून झालं.

आता दिल्लीच्या एका बाईंना दिवाणखान्यात तिचंच मोठं चित्र हवंय, काळं-पांढरं. रंगीत नको म्हणे, सोफा बदलला की पंचाईत होते. तिनं माणूस मारला हे कळल्यापासून मागणी वाढलीय, काय बोलायचं! मी नाहीच म्हणणार होतो. पण त्या निमित्ताने पुढच्या आठवड्यात पिंजऱ्यापाशी जाता येईल. एकदा तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचंय.

गोमतीला मामाची आठवण सांग. आशीर्वाद असू देत.
तुझा हरकेश

बोदलपुरा
१२ डिसेंबर

चि. हरकेशला जीजीचे पोटभर आशीर्वाद.

भावजयीची चहाडी करायची सवय अजून गेली नाही तुझी. पुढच्या वेळी पेरू तिच्याच नावाने पाठवते, मग वाससुद्धा मिळायचा नाही.

इथे सगळं मार्गी लागतंय. तिला नेलं तेव्हा कुठे गावाची दारं उघडी राहायला लागली. गोमती पुन्हा जंगलाकडच्या वाटेनं शाळेत जाते. मी म्हशी ओढ्यावर नेते, जिथे तुझे जीजाजी न्यायचे तिथेच. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत फिरले, आता नाही. बायका म्हणतात, धापूचा भाऊ म्हणजे वाघांचा तलाठी, एकेकाचा सातबारा त्याला पाठ. मला बाई अभिमान वाटतो.

तिला भेटलास की माझी एक शिवी दे. रोज दूध काढताना देतेच मी, नाव घेऊन. पण तोंडावर दिलेली वेगळी.

जेवत जा वेळेवर.
तुझी जीजी

सवाई माधोपूर
२० डिसेंबर

ती. जीजी,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीनंच वाच.

शिवी दिली नाही. दोन दिवस पिंजऱ्यासमोर बसून होतो. जीजी, तिच्या भुवईवर त्रिशूळ नाही. दोन रेघा जोडलेल्या आहेत, तिसरी सुटी आहे, बोटभर अंतरावर. मी डोळे चोळून बघितलं, उठून बाजूनं बघितलं. सुटीच आहे.

घरी येऊन अकरा वर्षांपूर्वीचा, चित्रं काढायला घेतलेला तो पहिला फोटो शोधला. त्यातही सुटीच. मग कळलं. फोटो बघणं मी कधीच सोडून दिलं होतं. मागच्या चित्रावरून पुढचं काढायचो. दर वेळी ती रेघ केसभर जवळ आली. लोक म्हणायला लागले, वा, महादेवाचा त्रिशूळ! मग तर मी जोडूनच टाकली. साहेबांनी फोटो दाखवला तेव्हा मी वाघीण ओळखली नाही जीजी, माझं चित्र ओळखलं. ओढ्यावरची वेगळीच होती. तिच्या भुवईवर खराखुरा त्रिशूळ आहे आणि ती अजून तिथेच आहे.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, कलाकार माणसं हळवी असतात, घरी जा, फाइल बंद झालीय. सहा महिने पिंजऱ्यात काढलेल्या वाघिणीला आता जंगलात कोण सोडणार, असंही म्हणाले. तिची दोन पिल्लं मागे राहिली होती. त्यांचं विचारायचं धाडस झालं नाही.

तुझ्या पाया पडतो, ओढ्यावर जाऊ नकोस. गोमतीला त्या वाटेनं पाठवू नकोस.
हरकेश

बोदलपुरा
२८ डिसेंबर

हरकेश,

पत्र चुलीत घातलं. गोमतीला सांगितलं, मामाला ताप आहे.

सरपंचांना आडून विचारून बघितलं, दुसरी कुणी असली तर? ते हसले. म्हणाले, तुझ्याच भावानं छातीठोक सांगितलंय, आता तूच शंका काढतेस? बाकीच्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू नवऱ्याच्या दुःखानं हिचं डोकं फिरलंय. गोमतीला शाळेत जाऊ नको म्हटलं तर ती रडते. दुसरी वाट दोन कोस लांबची आहे. म्हशी दावणीला बांधून ठेवू तर घालू काय? चारा आहे कुठे?

सहा महिने मी त्या मुक्या जिवाला तळतळाट दिलेत. ते आता परत कसे घेऊ, सांग. तू चित्रं काढतोस, खोडून नवं काढता येतं. माझं काय?

रागावले नाही तुझ्यावर. रागावून झालं, पण कुणावर रागावायचं तेच कळेना. उद्या म्हशी न्यायच्या आहेत. नेईन.
धापू

सवाई माधोपूर
९ जानेवारी २००५

ती. जीजी,
सा. न. वि. वि.

दिल्लीच्या बाईंचं चित्र पूर्ण केलं. पिंजऱ्यात बसली होती तशीच काढली, एकेक केस बघून, रेघ सुटी ठेवून. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचं खरं चित्र झालं. बाईंनी चार दिवसांत परत पाठवलं. ही ती नाही म्हणाल्या, त्रिशूळ कुठाय?

ब्रश बायकोच्या हवाली केलेत. मंगळवारच्या बसनं येतोय, गोमतीला शाळेत सोडायला आणि तुझ्याबरोबर म्हशी राखायला. नको म्हणू नकोस, मी ऐकणार नाही. गावात काही बोलायची गरज नाही. भाऊ राहायला आलाय, एवढंच सांग.

ती आली तर मी ओळखीन. या वेळी चुकणार नाही, जीजी. फक्त भुवई दिसेल इतकी ती जवळ यायला हवी.

तुझा,
हरकेश