मिल्काच्या कांद्यांची चित्रं

३ फेब्रुवारी १९५५, गुरुवार
आणि समोरच्या हव्वाबीला मात्र तांब्याचा बंब. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले मी, मिल्काच्या बाळंतपणात पेज करून घातली मी, आणि इस्रायलला कायमची जाताना तिने मला काय दिलं, तर कांद्यांची चित्रं. सहा नग, काचेच्या फ्रेमचे. खाली कांदा, त्याला मुळं लोंबताहेत, वर फूल. तिच्या नवऱ्याला, सायमनला, त्याच्या गोऱ्या साहेबाने दिलेली म्हणे. विलायतेतली, फार जुनी. रेघा छापील आहेत पण रंग हाताने भरलेत, असं मिल्का दोनदा सांगून गेली. आमच्यात कांदा टोपलीत ठेवतात, भिंतीवर नाही. तरी बोलले नाही. मी कुणाला दुखवत नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार
ह्यांचे चुलतभाऊ आनंदाभावजी गोदूसाठी उरणचं स्थळ घेऊन आले. मुलगा शाळेत ड्रॉइंग मास्तर. पुढच्या रविवारी बघायला येणार. आधीची स्थळं गेली ती त्यांच्या कर्माने, आमची मुलगी चांगली आहे. पण मुलगी दाखवायची म्हणजे तिच्या हातचं काहीतरी भिंतीवर लागतं. गोदूने मण्यांचा पोपट केलाय, तो कावळ्यासारखा दिसतो. मास्तरला काय दाखवू, कपाळ.

दुपारी. सुचलं. रंग हाताने भरलेत. कुणाच्या हाताने, ते कुठे लिहिलंय?

८ फेब्रुवारी, मंगळवार
लिहिलंय. चित्राखाली बारीक इंग्रजीत. मी तिसरीपर्यंत शिकले, तेवढं मला पुरतं. ह्यांनी वाचून सांगितलं, फुलाचं नाव आहे आणि साल आहे. मग काचेवरूनच मैद्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. 'कु. गोदावरी हिची हस्तकला.' अक्षर ह्यांचं. लिहिताना पुटपुटत होते की ही भानगड नको. ह्यांना राइस मिलमध्येसुद्धा कुणी विचारत नाही. गोदूने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते बघायला मला वेळ नव्हता.

९ फेब्रुवारी
एका चित्रात एक पान कोरंच आहे. नुसत्या रेघा. विलायतेतले लोकही कामचुकार. गोदूला म्हटलं, भर. म्हणते, मुद्दाम सोडलं असेल. मुद्दाम कोण अर्धं काम सोडतं? शेवटी मीच फ्रेम उघडली आणि दिवाळीच्या बर्फीतला उरलेला हिरवा रंग भरला. जरा पसरला. फुलापर्यंत गेला. पण ठसठशीत दिसतो, बाकीची पानं त्याच्यापुढे आजारी वाटतात. आता घरचं काम म्हणायला हरकत नाही, एक पान तरी आमचं आहेच. खोटं बोलायची मला सवय नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ
फार छान झालं. मुलगा पोह्यांकडे बघेना, चित्रांकडेच बघत उभा. मी सांगितलं, गोदू पहाटे उठून ब्रश घेऊन बसते, जेवणाची शुद्ध नसते. तेवढ्यात एक पट्टी सुटून खाली पडली. आजकाल मैदासुद्धा धड मिळत नाही. मुलगा वाकला आणि मोठ्याने साल वाचलं, सतराशे त्र्याण्णव. त्याचे वडील अगदी गंभीरपणे म्हणाले, "मुलीचं वय तुम्ही एकोणीस कळवलं होतं."

मी ताबडतोब सांगितलं, तो फ्रेमचा नंबर आहे. सगळे हसले. म्हणजे पटलं. फक्त मुलाची आई हसली नाही, तिचे दात खराब असावेत.

मग मुलाने गोदूलाच विचारलं. आणि ही कार्टी म्हणते, "मी एकही रंगवलं नाही. ते हिरवं पान आहे ना, ते आईने."

बघायच्या दिवशी इतकं खरं बोलतात का? मुलगा पुन्हा हसला. पण ह्या खेपेला तिच्याकडे बघून. माझं काम झालं.

१६ फेब्रुवारी, बुधवार
होकार आला. म्हटलंच होतं. आनंदाभावजींनी निरोप सांगितला, मुलगी सरळ आहे, फार आवडली. शिवाय लग्नानंतर विहीणबाईंनी उरणपर्यंत यायची तसदी घेऊ नये. माझ्या गुडघ्यांचा केवढा विचार करतात. ह्यांना कधी सुचलं नाही. उद्या आळीत साखर वाटते.

१७ फेब्रुवारी
पहिली साखर हव्वाबीला दिली आणि निरोप सांगितला. साखर तोंडात टाकून म्हणते, "वैनी, त्यांनी तुम्हांला येऊ नका म्हटलंय."

मी म्हटलं, मोठ्या घरच्या रीती तुला काय ठाऊक. तरी आनंदाभावजींना बोलावून घेतलं. ते चपलांकडे बघत म्हणाले, मुलाच्या आईची अट आहे, एवढी एकच. ह्यांना विचारलं तर ह्यांनी पेपर वर धरला. उलटा होता. उरलेली साखर परत डब्यात टाकली.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
मी उरणला जायचं नाही? स्थळ जमवलं कुणी? भिंत सजवली कुणी? गोदूला समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, आई पाहिजे की ते घर, रविवारपर्यंत उत्तर दे.

ती म्हणाली, "रविवार कशाला? आत्ताच देते."

मी म्हटलं, आत्ता नको. असल्या गोष्टींची घाई करू नये. नीट विचार कर. रविवारी दे.