डाव्या पंखातली मदोन्ना

विमानतळ, फ्रिउली
३ एप्रिल १९१६

ती. देल्फिनाताईस,
ओरेस्तेचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या विमानाला कामं फार. आधी म्हणाले, शत्रूचे खंदक बघून ये. मग फोटो काढ, मग तोफांचा नेम सांग, मग बॉम्ब टाक. परवा पत्रकं टाकली आणि काल कर्नलसाहेबांसाठी चीज आणलं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

पण खरा वैताग वेगळाच आहे. वळताना डाव्या पंखाच्या टोकाची हलती पट्टी मध्येच अडकते. दोनदा अर्ध्या वाटेवरून परतलो. जमिनीवर तपासावं तर सगळं ठीक. कप्तान चारचौघांत म्हणाले, "पट्टी नाही, तुझे पाय अडकतात." तिसऱ्यांदा परतलो तर कार्सोच्या आघाडीवर खंदकात धाडणार आहेत. विमान तुमच्याच कारखान्यातलं, क्रमांक ११४७. पंखांत तुम्ही बायका काय शिवता देव जाणे.

आईला खंदकाचं बोलू नकोस. लोभ असू दे. विमानात वजनाला मर्यादा आहे, लोभाला नाही.
तुझा ओरेस्ते

वारेसे, ८ एप्रिल

चि. ओरेस्तेस अनेक आशीर्वाद.

आईनं ईस्टरच्या कोकराला तुझं नाव ठेवलंय. तू आल्याशिवाय कापायचं नाही म्हणते. हट्टीपणात दोघंही सारखेच.

११४७चा डावा पंख मीच शिवलाय रे! कापड बंद करण्याआधी आम्ही प्रत्येक पंखात, पट्टी ओढणाऱ्या तारेजवळच्या काठीला, राखणीसाठी मदोन्नामातेचं इवलंसं पदक बांधतो. मुकादमाला पत्ता नाही. तो ग्रॅम ग्रॅम वजन करतो. त्या पंखात मी दुहेरी दोरा घातला होता, आणि बघ, तुझ्याच वाट्याला आला. तेव्हा उगाच घाबरू नकोस. माया आहे तशीच राहू दे.
देल्फिना

फ्रिउली, १३ एप्रिल

ताई,
आज नमस्कार लिहायला मन होत नाही.

मंगळवारी पट्टी तिसऱ्यांदा अडकली आणि कप्तानांनी हुकूम काढला. सोमवारी मी कार्सोला निघतोय. तुझं पत्र आलं ते दुसऱ्या दिवशी. मेकॅनिक बार्तोलोनं लगेच कापड फाडलं. दोरा ताणून लांब झाला होता. वळलो की पदक लोंबकळत तारेच्या कप्पीत शिरायचं, उतरलो की आपल्या जागी.

कप्तानांना सांगितलं तर मी सुटतो. पण युद्धात विमानाला खोडा घातला म्हणून तुम्हा बायकांना तुरुंग. म्हणून भित्रा म्हणवून घेतोय आणि गप्प बसलोय. तुझा भयंकर राग आलाय, आणि तुझ्यावर धड रागावताही येत नाही, त्याचा आणखी.

बाकीची पदकं काढा. हे पत्र सुट्टीवर निघालेल्या मित्राच्या हाती देतोय, शनिवारी पोचेल. पदक सोबत आहे.
ओरेस्ते

वारेसे, १९ एप्रिल

चि. ओरेस्तेस,
आशीर्वाद, तू असशील तिथे.

तुझा मित्र आधी मिलानोला होणाऱ्या बायकोकडे उतरला. पत्र आज, बुधवारी मिळालं. तू सोमवारीच गेलास.

मूर्खा, मला विचारायचंस तरी. मी मुकादमाकडे गेले आणि सांगितलं, सगळी पदकं एकटीनं मी बांधली. तो आधी ओरडला, मग डोकं धरून बसला. छपरीतले बासष्ट पंख आता उसवतोय. आधीच गेलेल्या विमानांच्या तळांवर तारा गेल्या, तुझ्या कप्तानांनाही. तुला परत बोलावतील का, ते कोणी सांगत नाही. माझं काय होणार तेही नाही.

तुझा नवा पत्ता नाही, म्हणून जुन्यावरच धाडतेय. बार्तोलो पुढे पाठवील. कोकरू अजून दारात बांधलंय.

पदक परत पाठवते. गळ्यात घाल. तिथे कप्पी नसते.
तुझी ताई