मेहराबीच्या खिडक्या

अप्पा,

मंगळवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही बांधलेल्या चर्चची पहिली खिडकी फोडली. नांदेडच्या त्या टोकाला माझा ऑटो पोचेपर्यंत कमान खाली आली होती. आता तिथे कॉलन्या आहेत. तुम्ही पाया खणलात तेव्हा चहूकडे ज्वारी होती.

चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणतो, "मावशी, बाहेरून मशीद वाटून राहिली. चर्च चर्चसारखं दिसाया पायजे." मी म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं तुमची प्रार्थना चुकीच्या पत्त्यावर जात होती?" त्याला हसू आलं नाही. "तुम्ही तर आमच्यातल्या न्हाईत. तुमचा काय संबंध?"

संबंध! परदेशी फादरांनी त्यांच्या गावच्या कमानीचं चित्र पुढे केलं, तेव्हा तुम्ही ते उलटसुलट करून बघितलंत. "फादर, ही मला येत न्हाई. मला मेहराब येते. ती पडत न्हाई." दर्ग्याच्या कामावरचा लाकडी साचा तुमच्याकडे होताच. फादर म्हणाले, "मग न पडणारीच बांधा." त्या एका साच्यावर तुम्ही आठही खिडक्या उतरवल्यात. भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाड. मे महिन्यातही चपला बाहेर काढून आत सतरंजीवर बसलं की जिवाला गार वाटतं. तुमचं काम बघूनच सिस्टरांनी मला त्यांच्या शाळेत शिकायला घेतलं.

ज्यानं बांधलं त्याची मी लेक, एवढंच सेक्रेटरीला सुनवायचं होतं. जन्मभर वर्गावर ओरडलेली मी, पण नुसता हरकतीचा कागद मागून घेतला. डोळ्यांपुढे तो जुना दिवस आला: मी सातवीत आहे. शाळेच्या फाटकाशी तुम्ही माझा विसरलेला डबा घेऊन उभे आहात, कोपरापर्यंत चुना. एक मुलगी विचारते, "ए, हाच का तो चर्चची मशीद करणारा? तुझा कोण लागतो?" मी म्हणते, "कोणी नाही. गवंडी आहे." तुम्ही डबा पायरीवर ठेवता आणि कामावर निघून जाता.

हे पत्र टाकायला पेटी नाही, एवढं मला कळतं. पण फोडकाम कमिटीच्या शनिवारच्या बैठकीपर्यंतच थांबलंय, आणि हरकतीच्या कागदावर बांधणाऱ्याशी नातं म्हणून 'मुलगी' असं लिहायला माझा हात धजत नाही. तुम्ही त्या दिवशी ऐकलं होतंत का? ऐकलं असेल, तर तो शब्द लिहायचा हक्क मला उरलाय का? घरी तुम्ही कधी धड बोलला नाहीत, म्हणून तोंडी चालणार नाही. शनिवारी दुपारी चारच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे.