लॅपटॉप नको, डबे घ्या

९ सप्टेंबर, मंगळवार

तिसरा लॅपटॉप मेला! आमच्या मशीनशॉपमधली हवा म्हणजे मशीन थंड ठेवायला ओततात त्या कुलंटच्या तेलकट धुराची फोडणी. लॅपटॉपचा पंखा ती आत ओढतो आणि सहा महिन्यांत राम म्हणतो. लक्ष्मणराव — आमचे मालक — म्हणाले, "सेलमधले स्वस्तातले सहा घेऊन टाक."

मी म्हणालो, लॅपटॉप नकोच. साबणाच्या वडीएवढे कॉम्प्युटर मिळतात, निम्म्या किमतीत. पंखाच नाही, वीज एका बल्बएवढी. जुन्या मॉनिटरच्या पाठीला चिकटवला की मशीनवर त्या-त्या जॉबचं, म्हणजे घडवायच्या भागाचं, ड्रॉइंग दिसतं. आणखी काय हवंय?

"एवढासा डबा? ऑडिटला साहेब हसतील."

ऑडिट आम्हाला काम देणाऱ्या चाकणच्या कंपनीचं, चार ऑक्टोबरला. प्रत्येक मशीनवर चालू ड्रॉइंग दिसलं नाही तर ऑर्डर गेली. मालकांनी माझ्याकडे बोट केलं — "डबे चालले तर तू कन्फर्म. नाही चालले तर भोसरीत शॉप पुष्कळ आहेत." दोन वर्षं ट्रेनी म्हणून घासतोय! घेतलं अंगावर.

१० सप्टेंबर

मालकांचा लॅपटॉपवर एवढा जीव का, ते कळलं. मागच्या खेपेतले दोन शॉपमध्ये आलेच नव्हते! एकावर त्यांची मुलगी, पूर्वी, व्हिडिओ बघून नाच शिकते. डबा कोण घरी नेणार? हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

२२ सप्टेंबर

डबे बसवले. कोंडाजींनी — लेथवरचे, शॉपमधले सगळ्यात जुने — एक हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "मिहिर, ह्यो चार्जर हाय. कॉम्पुटर कुठं हाय?" सगळे खदाखदा हसले. मीही. नाइलाज!

दुपारी त्यांना ड्रॉइंग मोठं करायला शिकवलं. मग तेच सगळ्यांना बोलावून दाखवत होते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मेलो!

सगळी ड्रॉइंग मुख्य डब्यात. त्याचं अपडेट चालू ठेवून झेंडूची फुलं आणायला गेलो. परत आलो तर पूजा उरकलेली. लेथ, व्हर्निअर, हातोडे — आणि माझे डबे! हळदकुंकू, वर तांदूळ. आणि सगळे प्लग उपटलेले.

"पूजा झाल्यावर चालू ठेवत्यात व्हय?" कोंडाजी. "आजच्या दिस इसावा असतोय त्येला."

अपडेट अर्धवट. मेमरी कार्ड खलास. ड्रॉइंग गेली. मी ओरडलो, "अहो, तो काय बैल आहे का?"

"न्हाई. पण राबतोय की."

कपाळ माझं.

२ ऑक्टोबर, दसरा

शॉप बंद. मी एकटाच नवं कार्ड घालून बसलो. थोड्या वेळानं कोंडाजी हजर — न बोलावता, हातात सोजरबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, दिलेला श्रीखंड-पुरीचा डबा. जुन्या कागदी ड्रॉइंगवरून ते नंबर वाचायचे, मी कंपनीनं दिलेल्या पेनड्राइव्हमधल्या ढिगातून त्या नंबरांची नवी ड्रॉइंग शोधून चढवायचो. चष्मा घसरतोय, सहाचा आठ वाचतायत, मी करवादतोय. पण हलले नाहीत. मध्येच म्हणतात, "कन्फर्म झालास की लगीन. सोजरनं पोरगी बघून ठिवलीय." मी पुरी तोंडात कोंबली. कालचं ओरडणं मनाला लागून राहिलं. संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर.

४ ऑक्टोबर

चालले! चालले! चालले!

ऑडिटरनं डब्याला हात लावून विचारलं, "पंखा नाही? छान." मालक लगेच — "माझीच आयडिया, साहेब." असू दे.

चहाला मालक म्हणाले, "कुणी किती जॉब काढले, तेही यावर दिसेल का रे?" मी शहाणा — "दिसेल की! सोपं आहे!"

८ ऑक्टोबर

बसवलं. मालक आता घरी जेवतानाही मोबाइलवर आकडे बघतात. जेवण पचतं कसं, देव जाणे. जॉब पुरेसे तर आकडा हिरवा, कमी तर लाल. सगळ्यांचे हिरवे, कोंडाजींचा लाल. कुणी घेत नाही ते वेडेवाकडे जॉब त्यांच्या गळ्यात पडतात. एकेकाला दिवस जातो. डबा मात्र तो एकच जॉब मोजणार! मालकांना सांगितलं. "हो हो, माहितीये."

३१ ऑक्टोबर

कन्फर्म! मालकांनी पत्र दिलं. वर म्हणाले, "कोंडाजींना उद्यापासून येऊ नका म्हणावं. रोज लाल परवडत नाही."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

"डबे तुझे. तूच सांग."

बाहेर आलो. कोंडाजींनी माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा हिसकावला आणि मशीनमशीनवर वाटत सुटले — "आमचं पोरगं कन्फर्म झालं!"

अजून सांगितलेलं नाही.