निघायची घाई असलेला माणूस

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे काका गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांनी आपल्या किडनीचा तुकडा खुशीने तुमच्या प्रयोगशाळेला दिला होता. त्याचं पुढे काय झालं गं? माझ्या धाकट्या लेकीलाही त्यांचाच किडनीचा आजार निघालाय आणि डॉक्टर म्हणतात, यावर औषध नाही. तिच्यासमोर मी हसत मशीन चालवते, शिवण मात्र वाकडी जाते. खरं असेल ते लिही.

तुझी मावशी

२० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

त्या पेशी जिवंत आहेत! एरवी पेशी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत काही काळ वाढतात आणि थांबतात. त्यांच्यातली दोन राखणदार प्रथिनं त्यांना आवरतात. आम्ही काकांच्या पेशींना एका विषाणूचं एकच प्रथिन बनवायला लावलं. (अख्खा विषाणू नाही, लगेच हात धुवायला पळू नकोस.) त्याचे सहा रेणू जुळून कडं होतं आणि ते एका राखणदाराला घट्ट धरतं. दुसऱ्याच्या अंगावर खोबण असते, तिच्यात प्रथिनाचं छोटं टोक तुझ्या हुकासारखं नेमकं अडकतं. दोघेही अडकले की पेशी वाढतच राहतात. शरीरात असं झालं तर कर्करोग, बशीत मात्र उपयोगाचं.

हे काका नव्हेत, मावशी, नुसत्या पेशी आहेत. पण धाकटीचाच दोष त्यांच्यात आहे, म्हणून औषधं आधी त्यांच्यावर तपासतो. परवा एका औषधाने पहिल्यांदा फरक दिसला. मजल लांब आहे, तरी सुरुवात काकांमुळे झाली. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते तुझ्यापाशी मानते.

माया अशीच राहू दे.
तुझी भिंगरी

२८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र धाकटीला वाचून दाखवलं. आधी हसलो, मग दोघी रडलो. अगं, हा माणूस कुणाकडेही गेला की चहा अर्धा टाकून सगळ्यांच्या आधी उठायचा आणि दारात चपला घालून मला खुणा करायचा. जन्मभर मी त्यावरून भांडले. आता तुझ्या बशीतून हलायचं नाव नाही! तुझे उपकार कसे फेडू, पोरी?

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच.
तुझी मावशी

ता. क. बशीपाशी गेलीस की त्यांना माझा निरोप दे. म्हणावं, लेकीचं औषध मिळेपर्यंत बसा. मग निघालात तर चपला मी पुढे करीन.