जाड कोट, पातळ कोट

१२ जानेवारी

चि. नकटीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी आली ती तुझी लांबडी मैत्रीण, पाठीवर हे एवढं बोचकं. मला वाटलं, राहायलाच आली. मागून तुमच्या डोंगरबचाव पथकाच्या बाई. तुझा बाप गॅरेजमधून नुकताच आलेला, हात काळे, तोंड त्याहून काळं. पोरगी बर्फात गारठेल, शिबिराला पाठवणार नाही, हे त्याने त्यांना पाणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

बाईंनी वाद घातला नाही. तुझ्यासाठी निवडलेला कोट काढला, कागदासारखा पातळ. तुझा बाप हसला आणि आपला ढीगभर खिशांचा जाडजूड सुती कोट आणून आपटला. ऊब अशी हाताला लागली पाहिजे म्हणाला.

मग ठरलं, दोन्ही कोट भिजवून बघायचे. जाड त्याने घातला, पातळ मी. पाणी ओतायला तुझी आई. एरवी चार हाका मारल्याशिवाय उठत नाही, पण नवऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं म्हटल्यावर झारी शोधून धावत आली. त्याचा कोट गोणपाटासारखा जड झाला, दात वाजायला लागले, तरी म्हणतो, कुठे थंडी आहे? मी आतून कोरडी ठणठणीत. उभ्यानेच चहा प्यायले.

कपडे बदलून आला आणि एवढंच बोलला, रात्री बर्फात झोपायचं काय? हो काही म्हणाला नाही. तुला भीती वाटते का, खरं कळव. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी आजी

१६ जानेवारी

ती. आजीस, शि. सा. न.

तुझं पत्र वाचून होस्टेलच्या खोलीतल्या सगळ्याजणी हसून लोळल्या. भीती वाटते, पण थंडीची नाही. कोटाखाली लोकरीचे कपडे असतात, ऊब त्यांची; वरचा कोट फक्त वारा-पाणी अडवतो. बाबा नाही म्हणाले तरी मी जाईन आणि मग ते माझ्याशी बोलणार नाहीत, याची भीती वाटते. लोभ करतेसच, थोडा जास्त कर.

तुझी नकटी

२१ जानेवारी

चि. नकटीस, आशीर्वाद.

चष्मा सापडेना, म्हणून तुझं पत्र तुझ्या बापालाच वाचायला दिलं. न बोलण्याची ती ओळ दोनदा वाचली, पुढचं एकदाच. मग लांबडीला फोन करून तंबू मागवला. काल ती आणि बाई घेऊन आल्या. जेवून हा तंबूत आडवा झाला, वरून नळाची धार सोडली, तर आतून घोरणं. उठल्यावर सगळ्या शिवणी चाचपल्या आणि बाईंना म्हणाला, हेल्मेट नीट बसणारं द्या, पोरीचं डोकं माझ्यासारखं मोठं आहे.

आता तू शनिवारीच घरी ये. हेल्मेटं घेऊन त्या दोघी रविवारी येतो म्हणाल्यात.

तुझी आजी